सगळ्यांचे चारच दिवस

देवरेबाईंनी माझ्यावर पहिल्याच दिवशी संशय घेतला, आणि पुढच्या दीड वर्षात तो पूर्णपणे मागे घेतला असे मला कधीही वाटले नाही.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, रुग्णांच्या एका संस्थेचे दोन खोल्यांचे केंद्र आहे. ज्यांचे रक्त जन्मतःच नीट गोठत नाही, अशा कुटुंबांसाठी ते चालवले जाते. डॉ. अनघा ही माझी अकरावीतली जुनी विद्यार्थिनी तिथे काम पाहते. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. अशा घरांतल्या स्त्रियांच्या पाळीविषयी, गर्भारपणाविषयी आणि बाळंतपणाविषयी नेमके कोणते संशोधन आधी व्हायला हवे, हे त्या स्त्रियांनाच विचारायचे, असा अनघाचा प्रकल्प होता. त्यासाठी आधी घरोघर एक प्रश्नावली जायची होती आणि नंतर सर्वांची एक बैठक व्हायची होती. प्रश्नावली इंग्रजीत होती. ती मराठीत करून द्या, असे तिने मला सांगितले. ‘पाळी’ हा शब्द मी माझ्या घरातही कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. परंतु नकार देण्याचेही धैर्य लागते, आणि ते माझ्यापाशी नव्हते.

केंद्राच्या दारासमोरच्या टेबलाशी, दाराकडे तोंड करून, एक ठेंगण्या, घट्ट अंबाडा घातलेल्या, पंचावन्नच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मांडीवर कापडी पिशवी, आणि तिच्या तोंडाला तीन सेफ्टी पिना.

“हे कोण?” त्यांनी अनघाला विचारले.

“आमचे सर. प्रश्नावली मराठीत करणार आहेत.”

“बाईमाणूस कोणी मिळालं नाही?”

“सरांचं मराठी फार चांगलं आहे, देवरेबाई.”

“असू द्या ना. पण काबर?”

‘काबर’ म्हणजे नामपूरकडचे ‘का’. देवरेबाई मूळच्या तिकडच्या. नाशकात पंचवीस वर्षे राहून त्यांची भाषा शहरी झाली होती. अहिराणी आता फक्त संशय आला की वर यायची. त्यामुळे ती दिवसातून बऱ्याच वेळा वर यायची. प्रयोगशाळेचा माणूस ठरलेल्या वेळेच्या आधी आला तर काबर, उशिरा आला तर काबर. कोणी त्यांच्या कामाचे कौतुक केले तर त्या चष्मा लावून त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, “आज फार गोड बोलताय. काय पाहिजे?” फोन उचलला की स्वतःचे नाव कधीही आधी सांगत नसत. “तुम्ही सांगा तुम्ही कोण,” असे म्हणून वाट पाहत. पलीकडून संस्थेचे अध्यक्ष बोलत असले तरी त्यात फरक पडत नसे.

कोणताही कागद त्या शेवटच्या पानापासून वाचत. माझा पहिला मसुदाही त्यांनी तसाच उलटा हातात घेतला. मी चूक दाखवण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा म्हणाल्या, “मला कळतं सर. पुढच्या पानावर सगळे गोड बोलतात. सही मागतात ते मागच्या पानावर.”

मग सावकाश पुढे येत येत त्या पहिल्या पानावर पोहोचल्या. तिथे मी लिहिले होते : ‘आपल्या मासिक धर्माचा कालावधी सामान्यतः किती दिवसांचा असतो?’

“हे तुम्ही कोणाशी बोलताय?”

“स्त्रियांशी,” मी म्हणालो.

“पेठच्या पाड्यावरच्या बाईपुढे हा कागद ठेवला, तर ‘धर्म’ बघून ती जातीचा दाखला आणायला जाईल. ‘पाळी किती दिवस असते’ असं लिहायला काय होतं?”

काही होत नव्हते. मी ते तसे लिहिले. त्या चार शब्दांना देवरेबाईंनी स्वतःच्या पेनने बरोबरची खूण केली. ही खूण पुढे त्यांना फार बोचली.

त्यांच्या अविश्वासाचे कारण मला तुकड्यातुकड्यांनी समजले, आणि तेही कधी त्यांनी मला उद्देशून सांगितले म्हणून नव्हे. त्यांच्या धाकट्या भावाला हिमोफिलिया होता. खेळताना गुडघा आपटला की आठ-आठ दिवस सुजलेला राही. सगळे घर त्या मुलाभोवती उभे असे. बहिणीची, म्हणजे देवरेबाईंची, पाळी सुरू झाली आणि थांबेना, तेव्हा आईने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. आणि नंतर ज्या डॉक्टरांना सांगितली त्यांनी हा आजार मुलग्यांनाच होतो, मुली नुसत्या वाहक असतात, असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. भाऊ विशीतच गेला. देवरेबाई नंतर एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या, आणि तिथे बऱ्याच वर्षांनी कोणीतरी सहज त्यांचेही रक्त तपासले. रक्त गोठवणारा घटक कमीच होता. 

“वाहक,” त्या केंद्रात आलेल्या एका घाबरलेल्या आईला एकदा सांगत होत्या, “एसटीत वाहक कोण असतो माहितीये ना? कंडक्टर. दुसऱ्यांना पोचवतो. पण बस आपटली तर त्यालाही लागतंच की. तुमच्या पोरीला लागतं का ते बघा. पोरगा तर तुम्ही बघताच आहात.”

‘नॉर्मल’ या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. अहवालावर तो शब्द दिसला की त्या कागद खिडकीशी नेत, नमुना कधी घेतला, प्रयोगशाळेत कधी पोहोचला, या वेळा वाचत आणि मनाशी काहीतरी वजाबाकी करत. उन्हातून, एसटीच्या टपावरून आलेले रक्त त्यांना मान्य नसे. “नॉर्मल म्हणजे कोणाच्या मानानं?” असे त्यांनी एकदा अनघाला विचारले. अनघाने समजावून सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं. म्हणजे ज्यांना कोणी विचारलंच नाही त्यांच्या मानानं.” अनघा मुळात शांत स्वभावाची आहे. तीही त्या दिवशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सर, या बाईंना घड्याळाचाही संशय येतो.” मी हसलो, आणि लगेच मला बाईंनी ऐकले असेल अशी भीती वाटली. त्यांनी ऐकले होते.

प्रश्नावल्या भरून येऊ लागल्या. गावोगावच्या आरोग्यसेविकांनी त्या भरून घेतल्या होत्या. मी त्यातले मजकूर वाचून नीट लिहून काढत असे, कारण अक्षरे अवघड होती. देवरेबाई शेजारच्या टेबलाशी बसून त्याच कागदांची छाननी करत; अर्थात मागच्या पानापासून. शेवटचा प्रश्न ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असा होता. बहुतेकींनी ती जागा कोरी सोडली होती.

एका दुपारी त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. पेठजवळच्या एका पाड्यावरची यमुना. वय तेवीस, एक मुलगी. शेवटच्या जागेत आरोग्यसेविकेने लिहिले होते : ‘पुढच्या महिन्यात पिशवी काढायची आहे.’

“आता पुढचं पान बघा.”

मी पाहिले. पाळी किती दिवस असते? चार दिवस. त्रास? नाही.

“चार दिवसांची पाळी, त्रास काही नाही, वय तेवीस. आणि पिशवी काढायची. काबर?”

त्यांनी माझ्या पुढ्यातला गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक कागद जमिनीवर मांडायला सुरुवात केली. खोलीतली जागा संपली तेव्हा दाराबाहेरच्या जिन्याच्या चौकात मांडले. मग खाली वाकून, प्रत्येक कागदावर एकाच ठिकाणी बोट ठेवत त्या फिरल्या. चार. चार. चार. चार. कुठे एखादा पाच.

“सगळ्यांचे दिवस चारच कसे?” त्या उठून म्हणाल्या. “ज्यांच्या घरात रक्त थांबत नाही अशाच बायकांना निवडून विचारलं ना आपण? आणि सगळ्या चार?”

“आरोग्यसेविकांनी मनानं भरले असतील,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी जागच्या जागी तो आरोप मागे घेतला. मला मात्र त्या वेळी त्यांचाच राग आला होता, हे कबूल करायला हवे. ज्या स्त्रियांना पाच किंवा त्याहून कमी दिवस रक्त जाते, त्यांची रक्ततपासणी करायची नाही असे प्रकल्पात ठरले होते. म्हणजे हा गठ्ठा खरा असेल, तर जवळजवळ कोणालाच तपासायचे कारण उरत नव्हते. हा निष्कर्ष सोयीचा होता, काम संपत आले होते, आणि ही बाई प्रत्येक सरळ गोष्टीत वाकडे शोधते असे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन पेठच्या बसमध्ये बसल्या. मी कशाला, असे विचारल्यावर म्हणाल्या, “प्रश्न तुमचा आहे ना? चला की मग उत्तर बघायला.”

यमुनाचे घर पाड्याच्या टोकाला होते. तिची सासू अंगणात नागली पाखडत होती. यमुना कामावरून यायची होती. देवरेबाई सासूसमोर खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “सर, तुम्ही तिकडं तोंड करून बसा.” मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून ओट्यावर बसलो. ऐकू सगळे येत होते.

“मावशी, सुनेची पाळी किती दिवस?”

“चार दिवस. सगळ्यांची ऱ्हाते तशी.”

“चार दिवस काय करते?”

“बाजूला बसते. चुलीला शिवत नाय. पाचव्या दिवशी न्हाली की मोकळी.”

“रक्त थांबतं पाचव्या दिवशी?”

सुपाचा आवाज थांबला.

“ते कुठं कोणी विचारलं?” सासू म्हणाली.

“मी विचारते. फडकी धुवायला ओढ्यावर कधीपर्यंत जाते ती?”

“लय दिस जाते बाई. एका बाजाराला लागलं तर दुसरा बाजार येतो, तवा कुठं थांबतं. कधी तेबी नाय.”

बाजार आठवड्याचा होता. मी टाकीकडे पाहत बसलो. आमच्या घरी आई महिन्यातून चार दिवस मागच्या खोलीत सतरंजीवर बसत असे. पाचव्या दिवशी केस धुऊन स्वयंपाकघरात येई आणि आम्ही मुले ‘आईचे संपले’ असे समजत असू. काय संपले, हे कोणी मोजले नव्हते. पाळी किती दिवस असते, हा प्रश्न मी सोप्या मराठीत लिहिला होता, बाईंनी त्याला बरोबरची खूण केली होती, आणि गावोगावच्या स्त्रियांनी त्याचे अगदी खरे उत्तर दिले होते : बाजूला चार दिवस बसतो. रक्ताविषयी त्यांना आम्ही काही विचारलेच नव्हते.

“मीपण नामपूरला चारच दिवस बसायचे,” देवरेबाई सासूला म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “मला तरी कळायला पाहिजे होतं.”

यमुना आली ती दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतून. काटक, मान ताठ ठेवून चालणारी, चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही. ओट्यावर परका पुरुष पाठमोरा बसलेला पाहून ती थबकली असावी, कारण देवरेबाई म्हणाल्या, “ते आमचे सर आहेत, त्यांचं लक्ष नाही.” मी टाकीकडे अधिकच लक्ष दिले.

बाईंनी तिला ऑपरेशन पुढे ढकलायला सांगितले. आधी रक्त गोठण्याची तपासणी कर, एवढेच.

“नाय,” यमुना म्हणाली. “तारीख मिळालीये. मला काढायचीच हाय.”

“कोणी सांगितलं काढायला?”

“कोणी सांगायला कशाला पाहिजे? बागेत घडांच्या विरळणीला उभी ऱ्हायले की दुपारला डोळ्यापुढं अंधारी येते. लुगड्याला डाग पडला की बायका हसतात. मुकादम म्हणतो, बसायचं असलं तर घरी बस. पोरीच्या वेळंला सहाव्या दिवशी इतकं गेलं की मला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणली. पुरे झालं.” मग थोडे थांबून तिने विचारले, “तुमाला काय मिळतं यातून?”

“म्हणजे?”

“नाशिकवरनं दोन मानसं येतात, एक तोंड फिरवून बसतो. माझी पिशवी ठेवून तुमाला काय मिळतं? कागद भरतो तुमचा?”

मला वाटले, आता बाई चिडणार. त्या हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच ऐकले. कोरडे, छोटे हसू होते.

“बरोबर विचारलंस. असंच विचारत जा सगळ्यांना.” मग म्हणाल्या, “माझी सव्विसाव्या वर्षी काढली. रक्त तपासलं नाही कोणी. टेबलावर थांबेना. गावातली माणसं रक्त द्यायला ओळीनं उभी केली होती म्हणतात. मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा आई पायाशी बसलेली. मूल नव्हतं मला. काढू का म्हणून मला कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्याला विचारलं होतं.”

पलीकडे कोंबड्या मातीत उकरत होत्या.

“तू काढ नाहीतर ठेव. ते तुझं. पण तपासल्याशिवाय टेबलावर झोपू नको. तुझं रक्त थांबत नसेल तर त्या डॉक्टरला आधी माहीत पाहिजे.”

“आन् तपासणीत काय नाय निघालं तर?”

“तर तारीख आहेच तुझी.”

तपासणीत काही निघाले नाही. यमुना चार दिवसांनी नाशकात आली, केंद्रात तिचे रक्त घेतले, आणि अहवाल नॉर्मल आला. अनघाने तो हळुवारपणे बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो खिडकीशी नेला. वेळा बरोबर होत्या. त्यांनी कागद तिथेच धरून ठेवला.

“मॅडम, ती त्या दिवशी पळत बस धरून आली होती. पोरीला ताप होता म्हणून रडत होती. सुई बघून थरथरत होती.”

“मग?”

“घाबरलेल्या माणसाचं रक्त खोटं बोलतं. तुम्हीच सांगितलं होतं मला.”

मला हे हट्टाचे लक्षण वाटले; परंतु अनघा विचारात पडली. जो घटक तिला शोधायचा होता, तो भीतीने, धावपळीने, तापानेही काही काळ वाढतो, हे खरे होते. ऑपरेशनला दहा दिवस उरले होते. बाईंनी यमुनाला आदल्या दिवशीच मुलीसह स्वतःच्या खोलीवर बोलावून घेतले. सकाळी त्यांनी तिला केंद्रात आणले, पंख्याखाली बसवले, मुलीला माझ्याकडे दिले आणि अर्धा तास तिच्याशी कांद्याच्या रोपांविषयी बोलत राहिल्या. मग अनघाला खूण केली.

या वेळी घटक कमी निघाला. इतका, की तशाच अवस्थेत पोटावर सुरी चालली असती तर काय झाले असते, याविषयी अनघाला बोलावेसे वाटेना. तिने पेठच्या सर्जनना स्वतः फोन केला. त्यांनी तारीख पुढे ढकलली. रद्द मात्र केली नाही, कारण रुग्णाची तशी इच्छा नव्हती. पाळीच्या दिवसांत रक्त आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. यमुना बाईंना म्हणाली, “तीन महिने बघते. मग माझं मी ठरवीन.”

त्या तीन महिन्यांत प्रश्नावली नव्याने गेली. आता पहिला प्रश्न होता : ‘फडकी किंवा पॅड किती दिवस लागतात? बाजाराच्या हिशेबाने सांगितले तरी चालेल.’ उत्तरे निराळी आली, आणि अनेक स्त्रियांना तपासणीला बोलवावे लागले. पहिल्या प्रश्नावलीची, त्यांच्या बरोबरच्या खुणेची प्रत देवरेबाईंनी मात्र फेकून दिली नाही. त्यांनी ती स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली.

यमुना दर महिन्याला गोळ्यांसाठी येई. तू काय ठरवलेस, असे बाईंनी तिला एकदाही विचारले नाही. मीच एकदा न राहवून त्यांना विचारले, “काय करेल ती?”

“मला काय माहीत?”

“तुम्ही विचारत का नाही?”

“मी विचारलं तर मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगेल. माझं काय झालं ते तिला कळलंय आता.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि तिनं ठेवावी असं मला फार वाटतं. म्हणून मी लांबच बरी.”

बैठक गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या सभागृहात झाली. बाहेरगावचे डॉक्टर आले होते, आणि पेठ, सुरगाणा, बागलाणकडून स्त्रिया आल्या होत्या. भिंतीवर मोठे कागद लावलेले, त्यांवर संशोधनाचे प्रश्न छापलेले, आणि प्रत्येकाला चिकटवायला पाच गोल टिकल्या. ज्या प्रश्नावर अधिक टिकल्या, त्याचे संशोधन आधी.

देवरेबाई प्रत्येक कागदापुढे उभ्या राहून आल्या. मग व्यासपीठावरच्या ज्येष्ठ डॉक्टरांना म्हणाल्या, “यादी आधीच छापली? मग आम्ही काय फक्त टिकल्या लावायच्या?”

“बाई, हे प्रश्न जगभरच्या अभ्यासांमधून काढलेत.”

“त्यात पेठ आहे का?”

सभागृहात हशा पिकला. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी दोन कोरे कागद लावायला सांगितले. बाईंचा प्रश्न पिशवीत लिहून तयार होता : ‘गर्भाशय काढण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी का होत नाही, आणि केली तर किती जणींचे काढावे लागणार नाही?’

“हा संशोधनाचा प्रश्न नाही हो,” दुसरे एक डॉक्टर म्हणाले, “अंमलबजावणीचा आहे.”

“कोणी मोजल्याशिवाय अंमल कोण बजावणार?”

प्रश्न भिंतीवर गेला. बाई त्याच्या शेजारीच उभ्या राहिल्या. कोणी त्यावर टिकली लावतो की नाही, आणि लावलेली कोणी काढत तर नाही ना, हे त्या पाहत असाव्यात.

तेवढ्यात यमुनाने मला हाक मारली. ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाशी, कोऱ्या कागदापुढे उभी होती. “सर, तुमचं अक्षर चांगलं हाय. लिवा.” तिने सांगितले, तसे मी लिहिले, एकही शब्द बदलला नाही.

बाईंची नजर आमच्यावर होतीच. त्या आल्या, चष्मा लावला आणि वाचले : ‘जिचं रक्त थांबत नाही तिला दुसरं मूल होताना काय तयारी ठेवायची, आणि झाल्यावर किती दिवस दवाखान्यातून सोडायचं नाही?’

“हे तुमचं वाक्य आहे का तिचं?”

“तिचं,” मी म्हणालो.

“तुम्ही घातलंत तिच्या तोंडात?”

“नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्या वळल्या. “यमुने, हे तू सांगितलंस?”

“व्हय.”

“काबर?”

“मला अजून एक पाहिजे,” यमुना म्हणाली. “मागल्या बाजाराला गेले तवा तारीख रद्द करून आले. पण पोरीच्या वेळंसारखं पुन्हा नाय व्हायला पाहिजे. ते आधी शोधा म्हणावं यांना.”

देवरेबाईंनी मान हलवली, जणू एखाद्या नमुन्याची वेळ बरोबर निघाली होती.

त्यानंतर महिन्याभरात त्या नामपूरला कायमच्या राहायला गेल्या. तिकडचे घर सांभाळणारे आता कोणी उरले नव्हते, असे कारण त्यांनी अनघाला दिले, आणि ते खरे कारण होते की नाही याचा मला अजून संशय आहे. मी एकदा फोन केला. “तुम्ही सांगा तुम्ही कोण,” असा आवाज आला, आणि मी काय बोलावे हे न सुचून फोन ठेवून दिला. म्हणून मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या दुपारीच, बैठक उठता उठता.

लोक चहाकडे निघाले होते. बाई एकट्या यमुनाच्या प्रश्नापुढे उभ्या होत्या. त्यांच्या पाचही टिकल्या अजून हातात होत्या; त्यांच्या स्वतःच्या प्रश्नावर त्यांनी एकही लावलेली नव्हती. त्यांनी त्या एकेक सोलून यमुनाच्या ओळीखाली लावल्या, पाचही, एका रेषेत. मग पहिल्या टिकलीवर अंगठा दाबून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या; मग दुसरीवर, मग तिसरीवर. त्या गोंदावर त्यांचा विश्वास नव्हता.